पिंचन चालू

१ जुलै २००८
काल रिटायर झालो. शाळेत निरोप समारंभ. शाल, नारळ, स्टीलचा डबा. माझं भाषण जरा लांबलं, पण पोरं शेवटपर्यंत बसून होती. गेटला कुलूप होतं, तरी बसली असती असं माझं मत आहे. बऱ्याच जणांनी डोळे पुसले. पंखे बंद होते, त्यामुळे काहींनी घामही पुसला असेल.

आजपासून रोजनिशी. संकल्प एकच, पण मोठा. चिचखेडा गाव स्वाभिमानी करायचं.

माझा सिद्धांत असा. गावाची तब्येत कळायची असेल तर शाळा, रस्ता, दवाखाना पाहू नये. सरकारी मदतीवर किती घरं जगतात ते पाहावं. मदत जितकी जास्त तितकं गाव आजारी. या मापाने आमचं गाव सलाइनवर आहे. म्हाताऱ्यांना पिंचन, विधवांना पिंचन, तांदूळ दोन रुपये किलो. ही सलाइन कोणीतरी काढली पाहिजे. मी मोकळाच आहे.

माझी स्वतःची पेन्शन या महिन्यातच सुरू होईल असं आसिफाबादचा क्लार्क म्हणाला. ती वेगळी. ती मदत नव्हे, आयुष्यभराच्या नोकरीची कमाई. शब्दसुद्धा वेगळे आहेत. माझी ती पेन्शन, यांचं ते पिंचन.

३ जुलै
सरपंच महिपतकडे गेलो. माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा. आता कापसाची शेती, जीप, गावात वजन. त्याला सिद्धांत समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकला, चहा पाजला आणि म्हणाला की त्याचाही सिद्धांत हाच आहे, फक्त उलटा. तो निवडून आला तेव्हा गावात पिंचनवाल्या म्हाताऱ्या शोधाव्या लागायच्या, आता प्रत्येक गल्लीत आहेत. शेजारच्या बोरगोंदीत याच्या निम्म्याही नाहीत. म्हणजे चिचखेडा पुढे गेलं.

मी म्हणालो, हे तर मागे जाणं झालं. तेव्हा म्हणाला, "गुरुजी, सोयरे आले का आता पयले काय इचारते मालूम हाये का? घरात पिंचनवाली म्हातारी हाये का, हे इचारते. असली तर पोरगी देते."

सातवीत दोनदा बसवलं ते बरोबरच होतं.

६ जुलै
माय (वय नक्की माहीत नाही, सत्तरीच्या बरीच पुढे) या एक तारखेला शेजारच्या विठाबाईबरोबर पंचायतीत जाऊन आली. विठाबाईला पिंचन आहे, तिला एकटीला चालवत नाही, म्हणून माय सोबतीला जाते. दर महिन्याला जाते. परोपकारी स्वभाव. तो माझ्यातही उतरला आहे.

येताना चहापत्ती, साखर, तंबाखूची पुडी घेऊन आली. विठाबाईने आभार म्हणून दिली असावी.

पगार बंद झाला तरी घरात काही कमी पडलेलं नाही. प्रयाग (पत्नी) संसार टुकीने करते. तांदूळ तेवढा जाड लागतो हल्ली. मी बोललो नाही. जाड तांदूळ पचायला चांगला असं कुठेतरी वाचलं आहे.

९ जुलै
रेशनकार्डाचा अभ्यास सुरू. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात गाव मराठी, पण सरकारी कारभार तेलुगू. इथे गरिबांना पांढरं कार्ड, बाकीच्यांना गुलाबी. तेलुगूत पांढऱ्याला तेल्ल म्हणतात. आमच्या लोकांनी त्याचं तेल कार्ड केलं. त्यावर पामतेलही मिळतं, त्यामुळे आता कोणाला समजावूनही उपयोग नाही. अख्ख्या गावात हा फरक कळणारा मी एकटा. माझं तेलुगू पहिल्यापासून पक्कं. डिपार्टमेंटची तेलुगूची परीक्षा तिसऱ्या खेपेला मी अगदी सहज पास झालो होतो.

आमचं कार्ड गुलाबी. मागच्या खोलीत मायने वेगळी चूल मांडली आहे. गॅसवरची भाकर तिला सोसत नाही.

१३ जुलै
स्वाभिमान समितीची पहिली सभा, विहाराच्या ओट्यावर. अध्यक्ष मी. सचिव मिळेपर्यंत सचिवही मीच. उपस्थिती चांगली होती, चहा संपल्यावर थोडी कमी झाली. मी विचारलं, स्वाभिमानासाठी तेल कार्ड परत करायला कोण तयार आहे? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग माझा चुलतभाऊ भिवाजी उठला आणि त्याने आपलं कार्ड सरळ माझ्या हातात दिलं. टाळ्या. मला गहिवरून आलं. भिवाजी लहानपणापासून कोणाच्या बापाला न भिणारा.

१४ जुलै
भिवाजीचं कार्ड जुनं निघालं. गेल्या सालीच रद्द झालेलं, कोपरे उंदराने खाल्लेले. नवं त्याच्या घरी खुंटीवर आहे. विचारायला गेलो तर म्हणाला, "दादा, तुमी कार्ड मांगलं, कोनतं ते कुठं सांगतलं?"

सुरुवात तर झाली. चळवळीत लहान पाऊलही पाऊलच.

२५ जुलै
पेन्शन नाही. क्लार्कला फोन केला. म्हणाला, फाईल वर गेली आहे. चांगली बातमी.

१ ऑगस्ट
सगळं सविस्तर लिहायचं म्हणून दुपारीच दार लावून बसलो आहे.

पिंचन वाटायच्या दिवशी पंचायतीसमोर रांग लागते. भाषण तिथेच करायचं मी ठरवलं होतं. रांगेतले श्रोते जागा सोडत नाहीत, ही मोठी सोय. मुद्दे चांगले काढले होते. फुकटचं घेऊ नये. म्हातारपणी मुलाने सांभाळावं, सरकारने नव्हे. या मुद्द्याला रांगेत बराच हशा झाला. मला वाटलं, मांडणी आवडली. विठाबाईच्या मागे एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. पदर ओळखीचा वाटला.

पंचायतीच्या सेक्रेटरीने नाव पुकारलं, चंद्रभागा. मायने पुढे होऊन अंगठा लावला, नोटा कमरेच्या पिशवीत खोचल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं का तुयं? चाल घरी, उन्ह होऊन राह्यलं."

घरी येऊन चौकशी केली. प्रयागने भाकरी थापता थापता सगळं सांगितलं, मान वर न करता. मायला पिंचन सुरू होऊन दोन वर्षं झाली. माय त्याला पगार म्हणते. मागच्या खोलीतली चूल दाखवून तिचं वेगळं तेल कार्डही करून घेतलं आहे. जाड तांदूळ त्याच कार्डावरचा. जुलैपासूनची चहा-साखर मायच्या पगारातली. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाली, तुमी इचारलंच नाई.

मायला मी जरा चढ्या आवाजात विचारलं की मुलगा हेडमास्तर असताना हे शोभतं का. तिने तंबाखू मळून घेतली. मग म्हणाली, "जलमभर लोकाच्या वावरात निंदलं, तवा कोनं महिन्याले पगार देला? तुया पगार होता तवा तुले मांगा लागे. तू देत होता, नाई म्हनत नाई मी. पन मांगा लागे."

जेवलो. भात जाडच होता.

२ ऑगस्ट
रात्रभर विचार करून सिद्धांतात थोडी दुरुस्ती केली. मायचं पिंचन ही मदत नसून निंदणीची राहिलेली मजुरी आहे, सरकारने उशिरा दिलेली. विठाबाईचंही तेच. आणखी काही जणींचंही. तेव्हा स्वाभिमान टप्प्याटप्प्याने आणावा. माझी पेन्शन सुरू झाली की पहिला टप्पा.

प्रयागला दुरुस्ती वाचून दाखवली. तिने साखरेचा डबा झटकून उरलीसुरली साखर चहात टाकली.

१४ ऑगस्ट
महिपत घरी आला. मंडलाचे, म्हणजे आमच्या तालुक्याचे, नवे साहेब वीस तारखेला ग्रामसभेला येणार. साहेब काकिनाड्याकडचे, मराठी बिलकुल येत नाही, हिंदीही कच्ची. प्रत्येक गावात म्हाताऱ्यांना स्वतः विचारतात. महिपतचं तेलुगू बाजारापुरतं. म्हणाला, गुरुजी, तुमीच बोला गावाकडून, तुमच्याइतकं तेलुगू कोनाले येत नाई. पन ते स्वाभिमानाचं काढू नका. सगळ्याईचं पिंचन चालू ठेवा म्हना, एवढंच.

पूर्वी मी नकार दिला असता. पण दुरुस्त सिद्धांतात हे बसतं. शिवाय माणसाने योग्य वेळी उदार व्हावं. हो म्हणालो. जाताना महिपत पाया पडला. सातवीत इतका वाईट नव्हता तो.

माय दारामागून ऐकत होती. तिने आज स्वतः चहा करून आणून दिला.

२० ऑगस्ट
आयुष्यातला मोठा दिवस. निरोप समारंभही याच्यापुढे काही नाही.

साहेब तरुण, चष्मेवाले, नम्र. समोर सगळ्या म्हाताऱ्या सतरंजीवर. मायही पहिल्या ओळीत. साहेबांनी विठाबाईला विचारलं, "पिंचनु चाला?" म्हणजे पिंचन चालू आहे का. विठाबाई घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणालो, सांग, चालू. ती म्हणाली, चालू साहेब, चालू. साहेब चकित झाले. दुसरीला विचारलं, तिनेही चालू. मायने तर हात जोडून म्हटलं, चालू हाये बाबा, चालूच राहू दे. शेवटचे शब्द मराठीत गेले, पण चालू त्यांना कळलं.

मग साहेबांनी मला विचारलं, सगळ्यांचं? मी उभा राहिलो. इंका म्हणजे अजून, अंदरिकी म्हणजे सगळ्यांना. खणखणीत आवाजात म्हणालो, "इंका चालु सार! अंदरिकी चालु!" आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं, पाढे म्हणवतो तसं. सतरंजी दणाणली.

 साहेब खुर्चीवरून उठले आणि म्हाताऱ्यांना हात जोडले. म्हणाले, आदर्श ग्रामम. असं गाव मी पाहिलं नाही. माझा हात हातात घेऊन हलवला. फोटोवाल्याने फोटो काढला.

महिपत माझ्याकडे पाहत होता. मुलाने पहिला नंबर काढल्यावर बाप पाहतो तसं. उलटं व्हायला पाहिजे होतं, पण चालायचंच.

२२ ऑगस्ट
तेलुगू पेपरात फोटो. माझा चेहरा अर्धा, साहेबांचा पूर्ण. मथळ्यात चालु हा शब्द मोठ्या अक्षरात. खालची अक्षरं बारीक होती, सावकाशीने वाचीन. कात्रण कापून भिंतीवर लावलं.

१ सप्टेंबर
गैरसमज झाला आहे. किरकोळ आहे, पण झाला आहे.

सकाळी माय नवं लुगडं नेसून पगाराला गेली आणि लगेच परत आली. रांगच नव्हती. सेक्रेटरीने सगळ्यांना सांगितलं, या महिन्यात तुमच्या गावाचं पिंचन नाही. मी गेलो आणि कडक शब्दांत जाब विचारला. त्याने मलाच विचारलं, गुरुजी, तुम्हीच तर सभेत सांगितलं ना.

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बस झालं. साहेबांनी विचारलं होतं की पिंचन पुरतं का. बाकी सगळ्या गावांत म्हाताऱ्या रडल्या की पुरत नाही, वाढवून द्या. आमच्या गावात सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की पुरे. आणि मी उभा राहून म्हणालो, आता पुरे साहेब, सगळ्यांना पुरे. तीनदा. साहेबांनी वर लिहून पाठवलं की या गावाला गरज उरलेली नाही, आधी पुन्हा पाहणी करावी. नव्याने यायची पिंचनं बोरगोंदीला गेली.

भाषेचा हा प्रादेशिक फरक आहे. साहेब काकिनाड्याचे. आमच्या आदिलाबादी तेलुगूत...

सेक्रेटरी आमच्याच जिल्ह्यातला आहे. त्याला विचारलं. आमच्याकडेही चालु म्हणजे पुरेच.

२ सप्टेंबर
महिपत रस्त्यात भेटला. जयभीम केला नाही, रामरामही नाही. दोन्हीतलं एकतरी रोज करायचा.

महिनाभर मदतीच्या विरुद्ध बोललो तर एक कार्डही हललं नाही. मदतीच्या बाजूने एकदाच बोललो आणि सगळं गाव बारा दिवसांत स्वाभिमानी झालं. नोंद करून ठेवतो.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. शाळेने बोलावलं, खुर्ची दिली. हार नव्हता. हाराची वर्गणी गावातून येते.

९ सप्टेंबर
चहा बिनसाखरेचा. तब्येतीला चांगला, असं मी म्हणालो. प्रयाग माझ्याकडे पाहत राहिली.

पेन्शन नाही. क्लार्क रजेवर.

विठाबाईच्या घरी जाऊन आलो, दिलगिरी व्यक्त करायला. सून आत होती, म्हातारी एकटी ओट्यावर. पिंचन होतं तोवर सून चहाला हाक मारायची, आता विठाबाई हाक यायची वाट पाहत बसते. तिनेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पाऊस आला नाही सांगावं तसं.  लवकर उठून आलो.

१२ सप्टेंबर
हे लिहू की नको असं झालं आहे. रोजनिशी आहे, लिहितो.

मायने आज माझ्याकडे तंबाखूला पैसे मागितले. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून, माझ्याकडे न बघता मागितले. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या खिशात काही नव्हतं. उद्या देतो म्हणालो. ती म्हणाली, राहू दे, दात दुखून राह्यला, नाई खात आता.

दात दुखत नाही तिचा. मला खूप वाईट वाटलं. कात्रण भिंतीवरून काढलं.

१५ सप्टेंबर
मंडल ऑफिसला जाऊन साहेबांना समक्ष भेटायचं. शब्द सेक्रेटरीकडून पक्का करून घेतला: चालदु. म्हणजे पुरत नाही. बसमध्ये सारखा पुटपुटत होतो. कंडक्टर तिकिटाचे सुटे परत देत होता, त्याला वाटलं पैसे कमी दिले असं मी म्हणतो. त्याने पुन्हा मोजून दिले आणि डोळे वटारले. उच्चार बरोबर आहे एवढं नक्की झालं.

साहेब दौऱ्यावर. परत आलो.

१८ सप्टेंबर
साहेब मीटिंगमध्ये. दिवसभर बाकावर. परत.

२३ सप्टेंबर
साहेब भेटले. ओळखलं. खुर्ची दिली, शिपायाला सांगितलं, हे आदर्श गावाचे हेडमास्तर. मी म्हणालो, चालदु सार. साहेबांना कळेना. पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं, तेलुगू, हिंदी आणि हातवारे मिळून. मराठीत चालू म्हणजे काय, सभेत काय झालं, म्हाताऱ्यांनी काय म्हटलं, मी काय म्हटलं. साहेब आधी गंभीर होते. मग टेबलावर डोकं टेकवून हसले. शिपाई हसला. शेजारच्या खोलीतले क्लार्क काय झालं ते विचारायला आले, मग तेही हसले. मला पुन्हा सांगायला लावलं. आयुष्यभर वर्गात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं.

हसणं थांबल्यावर साहेबांनी नावं विचारली. चंद्रभागा नावाशी थांबले, आडनाव माझंच होतं. ही कोण? मा अम्मा, म्हणालो, माझी माय. साहेब चष्मा काढून म्हणाले की हेडमास्तरची आई मुलाजवळ राहत असेल तर तिला पिंचन कसं देता येईल.

वेगळी चूल असं सांगायचं मी ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हणालो, सार, ती माझ्याजवळ राहत नाही. सध्या मी तिच्याजवळ राहतो. पेन्शन आलेली नाही. घर तिच्या पिंचनवर चालत होतं.

या वेळी साहेब हसले नाहीत. पाणी मागवलं. म्हणाले, तुमची पेन्शन सुरू झाली की येऊन सांगा, तोवर चालेल. चालेल हा शब्द त्यांनी मराठीत म्हटला. माझ्याकडूनच शिकले होते मघाशी.

१ ऑक्टोबर
पिंचन अजून नाही. कागद वर गेले आहेत म्हणे, पुढच्या महिन्यात नक्की. घरोघरी जाऊन मी स्वतः सांगितलं. काही जणींनी विश्वास ठेवला. विठाबाईने विचारलं, सायबाशी बोलली कोनती भाषा? तेलुगू म्हणालो. तिने सुस्कारा टाकला.

१६ ऑक्टोबर
आसिफाबादला गेलो. क्लार्क रजेवरून आला आहे. माझी फाईल वरून परत आलेली, महिना झाला. कारण: पती-पत्नीचा जोडफोटो हवा. मी एकट्याचा पाठवला होता, निरोपाच्या शालीतला. नोकरी मी केली, पेन्शन माझी, त्यात प्रयागचं काय काम, असं तेव्हा वाटलं होतं. फॉर्मवर जोडफोटो असं स्पष्ट छापलं होतं. माझ्यानंतर पेन्शन तिला मिळते, म्हणून तिचा चेहरा लागतो. हे क्लार्कने अगदी सौम्य आवाजात सांगितलं, पहिलीच्या पोराला सांगावं तसं.

वांकिडीत फोटोवाला आहे. पण फोटो, दोघांचं बसभाडं आणि पुन्हा आसिफाबाद. सध्या जमणार नाही. प्रयागला म्हणालो, फोटो पुढच्या महिन्यात काढू, उजेड चांगला असतो.

१ नोव्हेंबर
पिंचन आलं. मागचं थकलेलंही एकदम. रांग पंचायतीच्या पायऱ्यांपासून पार हापशीपर्यंत. मी बाजूला उभा होतो, भाषण नाही.  महिपतने लांबूनच हात वर केला, तो नमस्कार धरायला हरकत नाही. विठाबाई परत जाताना सुनेने दारातूनच हाक मारली, चहा झाला म्हणून. रस्त्यावर ऐकू आली.

मायने अंगठा लावला, नोटा पिशवीत खोचल्या. घरी येऊन तंबाखूची नवी पुडी फोडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि प्रयागला हाक मारून फोटोचे आणि बसचे पैसे तिच्या हातात दिले. माझ्या हातात नाही. फोटोचं तिला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. विठाबाई चहा घेऊन आमच्याकडे येऊन बसली होती. तिला माय म्हणाली, "पोरगं रिटायर झालं, आता त्याले मलेच पाहा लागते."

बोलण्यात टोमणा नव्हता, खुशीतच होती.

प्रयाग आणि मी वांकिडीला गेलो. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ बसा. लग्नानंतर आमच्या दोघांचा फोटो नव्हताच, हे स्टुलावर बसल्यावर लक्षात आलं. प्रयाग लाजली. मला बरं वाटलं. फोटो तासाभरात हातात मिळाले.

घरी आलो तर माय ओट्यावर वाट पाहत होती. उरलेले पैसे आधी मागून घेतले. मग फोटो उन्हाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिला. सून चांगली आली म्हणाली. माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं, "केस काऊन एवढे वाढवले बापू? जाय, कटिंग करून ये." पिशवी उघडून दहाची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

घेतली.